सबिनाचा सोडलेला ठोका

सबिना मुल्लाणीचा ठोका चुकत नाही. हे सगळ्यात आधी लिहून ठेवतो, कारण भर सभागृहात, माइकवरून, तिचा ठोका चुकतो असं परीक्षकांनी सांगितलं आणि समोर बसलेल्या झाडून सगळ्या माणसांनी ते गुमान ऐकून घेतलं. मी नाही घेतलं. मला दोन बाउन्सरांनी काखेत धरून बाहेर काढलं, ती गोष्ट वेगळी.

माझं संगीताचं शिक्षण शून्य. बाकीचंही आठवीपर्यंतच. पुढचं सगळं मोर्चात, चौकीत आणि चहाच्या गाड्यावर शिकलो. पण डॉल्बीच्या भिंतीपुढं रस्त्यात आडवा झोपलेला माणूस आहे मी. आवाज करणं वेगळं आणि वाजवणं वेगळं, हे मला कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही.

सबिना आमच्याच गल्लीतली. बाप फक्रुद्दीन ब्रास बँडमध्ये ढोल वाजवायचा. ही दिवसा शिरोली एमआयडीसीत नटबोल्टच्या कारखान्यात पॅकिंगला, आणि सणासुदीला, लग्नसराईत ट्रॉलीवरून वाजवत जाणाऱ्या अमरसिंहच्या बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड. ऑक्टोपॅड म्हणजे आठ रबरी चौकोनांची पाटी. काठी मारली की एका चौकोनातून ढोलकी बोलते, दुसऱ्यातून संबळ, तिसऱ्यातून हलगी. बटण फिरवलं की बाटली फुटल्याचाही आवाज येतो. पोरं तेच बटण जास्त फिरवतात. सबिना नाही.

तिचं वाजवणं मला पहिल्यांदा कळलं ते आमच्याच गल्लीतल्या एका हळदीत. पोरं नाचत होती, तेवढ्यात नवऱ्या मुलाची आजी, आक्का, लुगड्याचा काष्टा सावरत मधे घुसली. गुडघे गेलेली बाई. पोरांच्या चालीवर ती आपटली असती. सबिनानं काही थांबवलं नाही, तोंडानं काही सांगितलं नाही. चार-सहा वळणांत चाल अशी खाली आणली की पोरांना पत्ता लागला नाही आणि आक्काचा पाय बरोबर ठोक्यावर पडायला लागला. आणि मग तिनं तो ठोकाच काढून घेतला. म्हणजे सगळी चाल वाजायची आणि ऐन जिथं दणका बसायचा तिथं गप्प. त्या गप्प जागेत आक्काचा पाय पडायचा, तिच्यामागं साऱ्या गल्लीचा. जमीन वाजायची.

मी नंतर विचारलं, "हे मधे सोडतीस काय गं?"

"तो ठोका माझा न्हाय मामा, त्यांचा हाय. मीच मारला तर त्यांनी पाय कशाला आपटायचा? मग बघत उभी ऱ्हात्यात."

"आणि कळतं कसं, कुठं सोडायचं?"

"पायाकडं बघून. तोंडाकडं कोण बघतंय? तोंडं सगळ्यांची सारखीच वाकडी होत्यात नाचताना."

ही तिची विद्या. बापाची. बँडवाला वरातीत घोड्याकडं बघत नाही, नवऱ्याकडं बघत नाही, पायाकडं बघतो, असं फक्रुद्दीननं तिला लहानपणापासून सांगितलेलं.

आता अडचण अशी की ही विद्या चालायला पुढं उभं राहावं लागतं. हळदीबिळदीला अमरसिंह तिला पुढं उभी करायचा. गणपती विसर्जनाला मात्र ट्रॉलीच्या मागच्या टोकाला, जनरेटरशेजारी. तिथून तिला दिसायच्या त्या स्पीकरच्या पाठी. पुढं असायचा पार्टीतला दुसरा ऑक्टोपॅडवाला, सम्राट. सम्राटचा हात फिरतो पाण्यासारखा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तो हात पब्लिकला दाखवायला फिरतो. काठी हवेत उडवणार, पाठीमागून झेलणार, मधेच केस मागं टाकणार.

गेल्या वर्षी शहरात ऑक्टोपॅड सोलोची स्पर्धा जाहीर झाली. मोठा चषक, मोठे बॅनर, बॅनरवर वाजवणाऱ्यांपेक्षा पुढाऱ्यांचे फोटो मोठे. अमरसिंहनं पार्टीसमोर सांगून टाकलं, "जो चषक आणंल त्यो विसर्जनाला पुढं. पोरगा आसूदे न्हायतर पोरगी. माझा शब्द हाय."

सबिनानं त्याच संध्याकाळी नाव दिलं.

पहिल्या फेरीला मी गेलतो. एसी सभागृह, जमिनीला बोल्ट मारलेल्या खुर्च्या. सुरुवातीलाच निवेदिकेनं बजावलं की कुणी जागेवरून उठायचं नाही, नाचायचं तर अजिबात नाही. मला वाटलं, झालं. भाकरीची स्पर्धा ठेवली आणि खायला बंदी घातली.

सम्राट आला. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच सुसाट. काठ्यांच्या टोकांना दिवे लावलेले. कोपरानं वाजवलं, पाठमोरा होऊन वाजवलं. पोरं ओरडली, "नाद खुळा!" एक परीक्षक उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. त्याला उठायची मुभा होती.

मग सबिना. कारखान्यातून थेट आलेली, साधा ड्रेस, ओढणी कमरेला गाठ मारून. तिनं संबळापासून सुरुवात केली, हळूहळू हलगीवर आली, आणि सवयीनं खाली बघितलं. समोर पाय होते की, पाचशे जणांचे. सगळे बुटात, खुर्चीखाली, निपचित. तिनं ठोका सोडला. कुणी उचलला नाही. पुन्हा सोडला. पुन्हा सभागृह गार. माझा पाय आपोआप आपटला तर शेजारचा माणूस म्हणाला, "पावणं, हळू की. रेकॉर्डिंग चालू हाय."

परीक्षक माइकवर म्हणाले, "हात चांगला आहे, पण ऐन समेला ठोका सुटतोय. रियाज कमी पडतोय. स्पीड वाढवा, स्टेजवर वावर वाढवा. सम्राटकडं बघा जरा."

मी उठलो. "ओ साहेब! सुटत न्हाय, सोडलाय! नाचणाऱ्याला जागा ठेवलीया तिनं!" पुढचं मघाशी सांगितलंच. मला पायऱ्यांवर सोडून बाउन्सर म्हणाला, "मामा, मलाबी तिचंच आवडलं. पण खुर्च्या मोडायला नकोत." आता त्या पोराशी काय भांडणार?

सबिना अंतिम फेरीत गेली, पण सगळ्यात शेवटच्या नंबरानं. मी घरी येऊन निवेदन लिहायला घेतलं. बहिष्कार, निषेध, परीक्षकांनी माफी मागावी, सगळं आलं त्यात. दोन दिवसांनी ते घेऊन तिच्या घरी गेलो, सही घ्यायला. दारातूनच ऑक्टोपॅडचा आवाज. सुसाट, एकही जागा मोकळी नसलेला. मला वाटलं, सम्राट आलाय का काय इथं. आत बघतो तर सबिना. डोळ्यांवर ओढणी बांधलेली, हात मशीनसारखे चाललेले. कॉटवर फक्रुद्दीन बसून सूचना देतोय, "डावा हात वर जाऊदे. अजून वर. लांबच्याला दिसला पायजे."

माझं डोकंच फिरलं. "हे काय चालवलंय?"

तिनं ओढणी वर सारली. "स्पर्धेचं."

"त्या नाच्याची नक्कल? तू? अगं, मी तुझ्यासाठी बाउन्सरांच्या अंगावर गेलतो!"

"मी सांगितलंतं काय जावा म्हणून?"

"सबिना, ही शरणागती हाय."

"मामा, तुम्ही चौकात उभं ऱ्हाऊन ओरडलासा की झाला मोर्चा. तुम्हाला ट्रॉली लागत न्हाय. मला लागती. मागनं पाय दिसत न्हाईत. चषक आणला की दिसत्यात. एवढं सरळ हाय."

"आणि तुझी कला?"

"कला कुठं पळून जात न्हाय. तिथं समोर कुणी नाचतंय व्हय? खुर्च्याच हायत. खुर्च्यांफुडं डोळं बांधलं काय आन् उघडं ठेवलं काय."

मी फक्रुद्दीनकडं बघितलं. म्हणालो, "तुम्ही तरी सांगा तिला."

म्हातारा हसला. "केरबा, मी एका वरातीत उंटावर बसून ढोल वाजवलाय. उंट बसला तसा मी ढोलासकट खाली आलो. मालकाला लई आवडलं. दुसऱ्या वरातीत म्हणला, पुन्हा पडा."

निवेदन खिशात तसंच ठेवून मी परत आलो. आठवडाभर तिच्या दारावरून जाताना मान वळवून गेलो. राग होता आणि तो अजूनही पूर्ण गेलेला नाही, खोटं कशाला बोलू. पण राग तिच्यावर कमी आणि त्या सभागृहावर जास्त. आत शिरायचं तर ज्याला त्याला आपलं चांगलं बाहेर काढून ठेवावं लागतं, देवळाबाहेर चपला काढाव्यात तसं. आणि हे कलेचं देऊळ म्हणे.

अंतिम फेरीत सबिनानं डोळे बांधले. काठ्या उडवल्या, झेलल्या. एक ठोका म्हणून सोडला नाही. सभागृह वेडं झालं. सम्राटचं तोंड उतरलं, आणि प्रामाणिक सांगतो, त्या क्षणी मला तोही बिचारा वाटला. त्याचीच भाजी त्याच्यासमोर जास्त तिखट करून वाढली होती. परीक्षक म्हणाले, "बघा! आठ दिवसांत ठोका पक्का झाला! याला म्हणतात मेहनत!" मी टाळी वाजवली नाही. तिनं ओढणी सोडली, चषक घेतला आणि खाली उतरून पहिलं अमरसिंहला गाठलं. "शब्द लक्षात हाय न्हवं?"

विसर्जनाच्या दिवशी ती ट्रॉलीच्या अगदी पुढं होती. पण तोवर भलतंच होऊन बसलेलं. तिचा डोळे बांधलेला व्हिडिओ गावभर फिरलेला. मिरवणूक सुरू व्हायच्या आत मंडळाचे अध्यक्ष विजयसिंह भगवी पट्टी घेऊन ट्रॉलीपाशी आले. समोर पोरं मोबाइल वर धरून तयार.

"बांधा ताई. आन् होऊदे जोरात."

"आज न्हाय बांधणार," सबिना म्हणाली.

"म्हंजे? सुपारी त्याचीच दिलीया की!"

"डोळं बांधलं तर पाय कसं दिसणार?"

"पाय? कुणाचं पाय?"

"तुमचं. नाचणार न्हवं तुम्ही?"

विजयसिंहांना वाटलं ही थट्टा करते. ते अमरसिंहकडं वळले. अमरसिंह घामाघूम. "सबिना, बांध गं. पाच मिनिटं बांध, मग काढ. मंडळ हातचं जाईल. न्हायतर उतर, सम्राट बांधतोय."

सम्राटनं खरंच हात पुढं केला होता.

"उतरत न्हाय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण पुढच्या रांगेला सगळं ऐकू गेलं. "चषक आणंल त्यो पुढं, आसं तुम्ही बोललासा. डोळं बांधून पुढं, आसं न्हवता बोलला. चार माणसांत दिलेला शब्द हाय. मोडायचा तर चार माणसांतच मोडा. हितं, माइकवर."

आमच्या गावात माणूस पैशाला मागंपुढं करेल, पण माइकवर शब्द मोडायची छाती कुणाची नाही. अमरसिंहनं एक कचकचीत शिवी हासडली, कुणाला ते कळलं नाही, आणि मागं जनरेटरकडं निघून गेला.

तिनं वाजवायला सुरुवात केली. हळू. पोरं बोंबलायला लागली, "ए, डोळं बांध की! व्हिडिओवालं वाजीव!" मोबाइल खाली येईनात. ती खाली बघत वाजवत राहिली. मंडळाचे ढकलगाडीवाले, दोन-तीन बायका, फुगे विकणारा एक जण, एवढेच पाय हलत होते. तेवढ्यांसाठी तिनं जागा सोडली. मग माझेही हलले. माझं नाचणं बघण्यासारखं नाही, पण आपटलं मी. विसर्जन होईपर्यंत ट्रॉलीपुढं बऱ्यापैकी गर्दी नाचत होती. साऱ्या रस्त्यानं नाच केला असं मी म्हणणार नाही. बरेच जण व्हिडिओ मिळाला नाही म्हणून पुढच्या मंडळाकडं निघून गेले. विजयसिंह शेवटपर्यंत हाताची घडी घालून चालले. पण त्या दिवशी सबिनाला पाय दिसले. रंकाळ्याच्या रस्त्याला ती मला ओरडून म्हणाली, "मामा, तुमचा डावा पाय उशिरा पडतोय! त्याच्यासाठी थांबायला लागतंय!"

दुसऱ्या दिवशी मंडळानं पार्टी बदलली आणि अमरसिंहनं सबिनाला सांगितलं, पट्टी बांधत असशील तर ये. ती गेली नाही. आता तिनं स्वतःचं चालू केलंय. एक ऑक्टोपॅड, एक बॅटरीवरचा स्पीकर आणि बेंजोला मावसभाऊ. हळदी, बारशी, जिथं कमी माणसं आणि मोकळी जमीन असेल तिथं. यंदाच्या स्पर्धेवाल्यांचं पत्र आलं होतं, गतविजेत्या म्हणून उद्घाटनाला या, डोळे बांधून झलक द्या. मी म्हणालो, जाऊया, तिथंच बोलू चार शब्द. ती म्हणाली, "तुम्ही जावा. बाउन्सर वळखीचा हाय तुमच्या."

परवा तिच्याकडं बसलो होतो. मलकापूरहून फोन आला. तिनं स्पीकरवर टाकला.

"व्हिडिओतल्या ताईच का तुम्ही? डोळं बांधून वाजीवणाऱ्या?"

"त्याच. पण आता उघडं ठिवून वाजिवते."

"आं? मग त्यात काय विशेष?"

"नाचायला लागतंय तुम्हाला. बघत बसायचं आसंल तर दुसरं बघा."

तिकडं मागं कुणीतरी बाई काहीतरी विचारत होती. मग तो म्हणाला, "घरात इचारून सांगतो."

घरात विचारून सांगतो म्हणणाऱ्यांतले निम्मे पुन्हा फोन करत नाहीत. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणालो, "बघ, ह्या लोकांसाठी तू..."

"मामा," ती म्हणाली, "फोन यायचा आसंल तर येईल. तुम्ही जरा उभं ऱ्हावा. तुमच्या डाव्या पायाचं काय करता येतंय बघू."

आणि तिनं पॅड चालू केलं.