कुवाबाराचे चार खटके

शिगेओ कुवाबाराला वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी स्वतःच्याच गाडीची भीती वाटू लागली. गाडी लाल, दोन माणसांची, तीस वर्षांची आणि इतकी बुटकी की तीत बसताना गुडघे आणि उतरताना अब्रू सांभाळावी लागे. लग्नाआधी तोशिएला त्याने याच गाडीतून घाटात फिरवलं होतं. आता दर रविवारी तिचे दुखरे गुडघे तो त्याच घाटापलीकडच्या गरम पाण्याच्या कुंडावर नेई.

मागच्या महिन्यात तिसऱ्या वळणावरच्या उंचवट्याने घात केला. गाडीचं बूड तरंगलं आणि कठड्यापासून वीतभर अंतरावर रस्त्याला टेकलं. तोशिए डोळे मिटून बसली होती. शिगेओ कोणाला काही बोलला नाही. पण शनिवार उजाडला की रविवार कसा टाळावा याचा तो विचार करू लागे.

“शॉक अ‍ॅब्झॉर्बर मेलेत तुझे. तेल गळतंय,” त्सुकागोशी म्हणाला. हा शाळूसोबती गावात गॅरेज चालवी. त्याने तीन जोड्या बाकावर मांडल्या. “हे मऊ, सासूला देवळात न्यायला. हे शर्यतीचे, यांच्यावर बसलास तर दातातली चांदीही निसटेल. आणि हे, हवे तसे कडक-मऊ करता येणारे.”

मऊ घेतले तर भित्रा, कडक घेतले तर मेलोच, असा विचार करून शिगेओने तिसऱ्यांवर बोट ठेवलं. गुपचूप मऊ करून टाकू.

पण त्सुकागोशीच्या गॅरेजात गुपचूप काहीच नसे. शॉकवरची खुंटी आधी पूर्ण कडक करायची आणि तिथून किती खटके मागे घेतले ते मालकाच्या नावासकट भिंतीवरच्या फळ्यावर लिहायचं, अशी रीत होती. एकूण खटके तीस; जितके मागे, तितकी गाडी मऊ. फळ्यावर होतं : ओकाबे, तीन. हागिवारा, पाच.

“मागे किती?” खडू हातात घेऊन त्सुकागोशीने विचारलं.

पंचवीस, असं शिगेओच्या ओठांवर होतं. कोपऱ्यात हागिवारा चहा पीत होता.

“चार,” शिगेओ म्हणाला.

“वाघ आहेस अजून,” हागिवारा म्हणाला. त्सुकागोशीने फळ्यावर चार लिहिलं.

शनिवारी सकाळी तो एकटाच घाटात गेला. कडक गाडी दगड-दगड मोजत निघाली. तिसऱ्या वळणावर उंचवटा आला, मागची चाकं बेडकासारखी उडाली आणि कठडा पुन्हा वीतभर अंतरावर आला. पुढच्या मोकळ्या जागेत गाडी थांबवून तो उतरला. डिकी आणि बॉनेट उघडून त्याने एकेक खुंटी मागे फिरवायला घेतली. शेवटच्या चाकाचे अठरा खटके झाले, तोच मागून आवाज आला.

“इंजिन तापलं का रे?”

ओकाबे. फळ्यावरचा तीनवाला. शिगेओने खिशातून रुमाल काढला.

“नाही. जरा... धूळ पुसत होतो.”

ओकाबेने आत वाकून पाहिलं. मग स्वतःच्या गाडीकडे बोट करून हळूच म्हणाला, “मी ह्याच जागी पुसतो. सव्वीस. हागिवारा खालच्या देवळामागे थांबतो, त्याला वाटतं कोणाला माहीत नाही.”

“आणि त्सुकागोशी?”

“त्याला सगळ्यांचं ठाऊक आहे. दर वर्षी तपासणीला गाड्या त्याच्याकडेच जातात ना. परत देताना सगळ्यांच्या खुंट्या तो फळ्याप्रमाणे करून ठेवतो, बिचारा. तू चोवीसपासून सुरू कर.”

रविवारी तोशिए नेहमीसारखी डोळे मिटून बसली. तिसरं वळण आलं. गाडी उंचवट्यावर चढली, खाली बसली आणि रस्ता धरून निमूट वळली.

“आज श्वास नाही रोखलात,” तोशिए डोळे न उघडता म्हणाली.

“तू जागी होतीस? त्या दिवशीही?”

“गेला महिनाभर जागीच असते. डोळे मिटले की भीती जरा कमी वाटते.” तिने एक डोळा उघडला. “तो फळा गावाला ठाऊक आहे. खरे किती केलेत?”

“चोवीस. फळ्यावर चार आहेत.”

“राहू देत तिथं चार,” ती म्हणाली आणि तिने दाराची मूठ सोडली.