चालत्या यंत्राला कुंकू

दसऱ्याला चालत्या यंत्राला कुंकू लावायचे नाही, हा नियम आमच्या घरात मिलमधून आला. विणाई खात्यात मी पर्यवेक्षक होतो. तेथे पूजेआधी प्रत्येक माग थांबवला जाई. पुढे मिल बंद पडली. छत्रीबागेतल्या आमच्या दोन खोल्यांत नियम राहिला. शिलाई मशीन, मिक्सर, माझी सायकल, सारे थांबून कुंकू घेत.

त्या वर्षी मुलीचा लॅपटॉपही पूजेत होता. तो जुना, दुसऱ्याने वापरलेला. बॅटरी निकामी, त्यामुळे तारेवाचून क्षणभर चालत नसे. दुसऱ्या दिवशी तिची नोकरीची मुलाखत होती. दाखवायचे सारे काम त्यातल्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये होते. ती कंपनी दुसरीच सिस्टिम वापरी, म्हणून मुलगी तीही त्याच लॅपटॉपवर जुनीच्या शेजारी बसवीत होती. काम शेवटच्या टप्प्यावर सोडून ती अंघोळीला गेली. पत्नी तबक घेऊन आली, यंत्र चालू दिसले, तिने प्लग काढला.

मुलीने येऊन तो पुन्हा लावला तेव्हा पडदा काळाच राहिला. कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती.

“आई, प्लग तू काढलास? अरे यार!”

“मग चालू मशीनला कुंकू लावू? विचार तुझ्या बाबांना.”

मी विचारले, “काम गेले?”

“पता नाही, बाबा. दुसरीकडे कॉपी नाहीये.”

तिने एक सीडी आत घातली. लॅपटॉपच्या आतल्या डिस्कला हात न लावता त्या सीडीवरूनच एक पूर्ण सिस्टिम जागी झाली आणि निपचित डिस्कच्या आत पाहू लागली. मी खुर्ची पुढे ओढली.

“दोन्ही सिस्टिम आहेत, बाबा! फाइलीही आहेत. फक्त बूटलोडर अर्धवट लिहिला गेलाय.”

“तो काय करतो?”

“मशीन सुरू झाली की पहिले तो उठतो. मग दोघींपैकी एकीला उठवतो.”

“केवढा असतो?”

“एवढासा. बाकी सगळ्यापुढे काहीच नाही.”

मिल बंद झाली त्या सकाळी माग जागेवर होते, त्यांवर सूत ताणलेले होते, माणसे फाटकाशी उभी होती. सगळ्यांना कामाला लावणारा भोंगा तेवढा झाला नाही.

तिने काही आज्ञा लिहून बूटलोडर पुन्हा बसवला, सीडी काढली आणि बटण दाबले.

“चल भिया, उठ आता,” ती लॅपटॉपला एखाद्या भावासारखे म्हणाली.

काळ्या पडद्यावर दोन नावे उमटली, एकाखाली एक. तिने जुने निवडले. तिचे काम उघडले. शेवटच्या पानापर्यंत पाहून तिने श्वास सोडला.

“आता नीट बंद करते, आई. लाव कुंकू.”

पत्नीने कुंकू लावले. तबक बाजूला झाल्यावर मी म्हणालो, “पुन्हा सुरू कर.”

“का? झालं ना सगळं.”

“ती दोन नावे येतात, तेवढे पाहायचे आहे.”

तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि बटणावर माझे बोट ठेवले.