एक पाय चपलेत

आमच्या दवाखान्याच्या खिडकीत माणसं वस्तू विसरून जातात. चष्म्याची काडी, चुन्याची डबी, एकदा तर कवळी. मी आठवडाभर वाट बघते, कुणी मागायला आलं नाही की फडताळात टाकते. किस्स्यांचंही तसंच झालं. ज्याचे त्यानं नेले नाहीत, ते माझ्याकडं साठले. आता ते माझे. कुणाला आपला ओळखू आला आणि राग आला, तर घरी येऊन भांडावं. दुपारी मी असतेच!

*

दवाखाना लोणंदच्या अलीकडं, उसाच्या रानाला लागून. चालवणारी संस्था सांगलीची, आणि रोजचा कारभार सुभेदारांच्या हातात. सुभेदार आमच्याच गावचे. पलटणीतून निवृत्त झाले, पण मिशी अजून ड्यूटीवर. बूट तर झोपतानाच काढत असावेत. मी बिनपगारी मदत करायला गेले त्या दिवशी त्यांनी खुर्चीतून न उठता विचारलं, "क्वालिफिकेशन?"

माझी शाळा तिसरीत सुटली. इंग्रजी मी शिकले सासूच्या औषधांच्या पाकिटांवर. अकरा वर्षं ती अंथरुणाला खिळलेली आणि नवरा सरहद्दीवर. वाचायचं कुणी? इंग्रजीतला मला आलेला पहिला शब्द 'एक्स्पायरी'.

मी टेबलाला वळसा घातला. त्यांच्या मागच्या कपाटातून देणगीत आलेल्या खोकल्याच्या बाटल्या काढल्या आणि एकेक करून टेबलावर मांडल्या. नऊ निघाल्या.

"ह्या समद्या तुमच्यावानीच रिटायर झाल्यात सुभेदार. फकस्त ह्यांस्नी कुणी सांगितलं न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून कपाटाची किल्ली माझ्या कमरेला!

*

नोरा आली आयर्लंडहून, वर्षभर राहून फुकट काम करायला. तिकडं नर्स आहे, बाप मेंढरं पाळतो. राहायला माझ्याच मागच्या खोलीत. परक्या देशात कसं राहायचं हे तिला मी शिकवायचं, असं ठरलं. मी स्वतः बेळगावच्या पलीकडं गेलेली नाही.

पहिल्या आठवड्यात ती रोज उशिरा. घर ते दवाखाना पाच मिनिटांची वाट, हिला पाऊण तास. एक दिवस मी मागोमाग गेले. वाटेत भेटेल तो विचारत होता, "कुठं निघालीस बाय?" आणि ही बिचारी प्रत्येकापुढं थांबून, वहीत बघून, कुठं, कशाला, परत कधी, सगळं सांगत होती.

मी म्हटलं, अगं, त्यांना उत्तर नको असतंय. 'हितंच' म्हणायचं आणि चालू लागायचं.

तेव्हापासून ती वेळेवर. पुढं एकदा एकटीच साताऱ्याला निघाली. एसटीत कंडक्टरनं विचारलं, "कुठं?" ही म्हणाली, "हितंच."

त्यानं तिला पुढच्याच थांब्यावर उतरवलं!

*

गुरुवार बायकांचा. साताऱ्याहून डॉक्टरीणबाई येतात, बायकांच्या दुखण्यांसाठी. हा गुरुवार मी संस्थेशी भांडून मिळवला, माझ्या थोरल्या जावेपायी. दोन वर्षं तिच्या अंगावरून जात होतं आणि विचारलं की म्हणायची, "काय न्हाई, डोकं दुखतंय." शेवटी सांगलीला न्यायला गाडी आली. एक पाय गाडीत ठेवून मला म्हणाली, "जाता जाता सांगते गं…" आणि मग सांगितलं. सांगलीहून ती चालत परत आली नाही.

तर गुरुवार सुरू झाला आणि सुभेदारांनी लाइन लावली. टोकन दिलं. बाईला खिडकीशी उभं करून परेडच्या आवाजात विचारायचे, "नंबर सात! तक्रार?"

मागं सासू उभी, शेजारीण उभी, रस्त्यावर भाजीवाला थांबलेला. ती काय सांगणार? डोकं दुखतंय. नंबर आठ? डोकं. नंबर नऊ? डोकंच. रजिस्टरचं पान वरून खालपर्यंत डोकेदुखीनं भरलेलं.

महिन्याभरानं डॉक्टरीणबाईंनी रजिस्टर मिटलं आणि मला शांतपणे विचारलं, "आक्का, तुमच्या गावात बायकांना मानेखाली काही नसतंच का हो?"

सांगलीकरांनीही तेच रजिस्टर वाचलं. डोकेदुखीच्या गोळीला साताऱ्याचा डॉक्टर कशाला? दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर गुरुवार बंद.

*

नोराला तेव्हा मराठी शब्द येत होते चाळीस-पन्नास. म्हणून ती माणसाच्या तोंडाकडं न बघता पायांकडं बघायची. एका गुरुवारी मला म्हणाली, "आक्का, बायका आत बोलत नाही. एक पाय चपलेत, मग बोलतात."

मी बघायला लागले. खरंच की! आत टेबलाशी डोकं. मग गोळी घेऊन मागच्या दाराशी, चपला काढल्या होत्या तिथं यायचं, एक चप्पल घालायची, चौकट धरायची, आणि दुसऱ्या चपलेकडं बघत म्हणायचं, "आक्का, जाता जाता एक…"

आणि आक्का काय म्हणत होती? "पुढल्या गुरुवारी सांग गं, मागं लाइन हाय."

मी म्हणत होते हे. जिच्या जावेनं गाडीत पाय ठेवून सांगितलं होतं, ती मी.

आतलं स्टूल उचललं आणि मागच्या दारात, चपलांच्या ढिगाशेजारी आणून ठेवलं. मागच्या दारातून उसाशिवाय कुणी बघत नाही. बाईसाठी स्टूल झालं, तसं डॉक्टरीणबाईंसाठीही एक आणलं. त्यांनी चपलांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "आक्का, मी एम.डी. आहे."

"मग काय झालं? दुखणं चपलांपाशी येऊन थांबतंय, तुमी टेबलाशी बसून कुणाची वाट बघताय?"

बसल्या. त्या दिवशी त्यांचा जेवणाचा डबा न उघडताच साताऱ्याला परत गेला.

*

सुभेदारांना ते अजिबात रुचलं नाही. चपलांत ओपीडी! पलटणीत असं कुणी केलं असतं तर कोर्ट मार्शल झालं असतं, म्हणाले. मी म्हटलं, पलटणीत बाया नव्हत्या, म्हणून तर तुमची लाइन सरळ राहिली.

मग मुद्द्यावर आले. बोलता बोलता दोनदा उठून उसाच्या आडोशाला जाऊन आले, पण मुद्दा सोडला नाही. दारात ज्या तक्रारी कळतात त्या रजिस्टरात लिहा, नावासकट. सांगलीला खरं काय ते दिसेल, गुरुवार वाचेल.

माणूस वाईट नाही. पण ते रजिस्टर दिवसभर खिडकीत उघडं असतं. पेपर वाचून झाला की अर्धं गाव तेच वाचतं. डॉक्टरीणबाई त्यांचे कागद त्यांच्या पिशवीत घालून साताऱ्याला नेत होत्या, ते बरोबर होतं.

"लिवायचं न्हाई," मी म्हटलं.

"आवं आक्का, गुरुवार जाईल."

"मी हितं बसलेली असताना कसा जातोय, ते बघती मी बी."

*

एका गुरुवारी संस्थेचे दोघं साहेब तपासायला आले. कडक इस्त्री, हातात फाइल. मी माहेरची माधवनगरची, गिरणीतल्या कामगाराची पोर. साहेबाला भ्यायचं माझं आठव्या वर्षीच संपलं. चहा दिला आणि उभी राहिले.

थोरल्या साहेबांनी विचारलं, डोकेदुखी सोडून बाकीच्या तक्रारी आहेत कुठं? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माझ्या पिशवीत आहेत, आणि तिथंच राहतील. साहेबांनी मान हलवली आणि नोराकडं वळले. परदेशी पाहुणी तरी नीट सांगेल! तिला तेच इंग्रजीत विचारलं, कुठं आहेत?

नोरानं चपलांच्या ढिगाकडं बोट केलं. "हितंच."

साहेब वाकून चपला बघायला लागले.

*

दिवाळीच्या आधीच्या गुरुवारी पत्र आलं. बायकांचा दिवस पुढल्या महिन्यापासून बंद. खाली स्थानिक व्यवस्थापकाची सही हवी. म्हणजे सुभेदारांची.

शेवटची बाई निघून गेली होती. डॉक्टरीणबाई पिशवी भरत होत्या, नोरा काचेची भांडी पुसत होती. सुभेदारांनी पत्र उभ्यानं वाचून दाखवलं, परेडच्या आवाजात, शेवटच्या ओळीपर्यंत.

"करा सही," मी म्हटलं. "पेन देऊ? गावातल्या बायांस्नी मी घरोघर जाऊन सांगते, सुभेदारांच्या सहीनं बंद झालं म्हनून. तुमच्या मिशीला शोभंल."

त्यांनी पेन घेतलं नाही. राहू दे, उद्या बघतो, म्हणाले आणि निघाले. निघाले ते पुढच्या दारानं नाही. मागच्या.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आज ते आत अनवाणी होते. बूट मागच्या दाराशी, चपलांच्या जागेत, नीट जोडीनं लावलेले. इतक्या वर्षांत मी त्या माणसाचे पाय बघितले नव्हते.

त्यांनी एक पाय बुटात घातला. नाडी बांधली नाही. हात चौकटीवर गेला आणि तिथंच राहिला. ते उसाकडं बघत होते.

नोरानं हातातलं फडकं खाली ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी खांद्याला लावलेली पिशवी परत काढली. मी जागची उठले आणि पायानं स्टूल त्यांच्याकडं सरकवलं.

"बसा."

बसले. हातातल्या पत्राची घडी घातली. मग त्या घडीची आणखी एक घडी. आणखी एक. आता ते कुणाला वाचता आलं नसतं. मग इतक्या हळू बोलले, की मला खाली वाकावं लागलं.

"काय न्हाई आक्का. जरा डोकं दुखतंय."