उगवतीकडची बाजू

ब्रेक म्हणजे पायाखालची पट्टी, दाबली की गाडी थांबते, एवढंच ज्यांना ठाऊक त्यांनी लटारूच्या कामाबद्दल बोलू नये. पण बोलतात. पोंभुर्ण्याच्या टपरीवर चहा पिणारा जो तो सांगतो की ब्रेक असा बसवायला हवा होता आणि तसा बसवायला हवा होता. यातल्या एकानंही तो ब्रेक जवळून पाहिलेला नाही.

टेकडीवर चुनखडीची खाण आहे. दगड वर फुटतो आणि लांबलचक बेल्टवरून उताराला लागून खालच्या हॉपरमध्ये, म्हणजे मोठ्या लोखंडी नरसाळ्यात, पडतो. चढावरच्या बेल्टला ओढावं लागतं, उतारावरच्याला धरून ठेवावं लागतं. भरलेला बेल्ट सुटला की दगड आपल्याच वजनानं पळतो. त्याला धरतो तो डिस्क ब्रेक. बैलगाडीच्या चाकापेक्षा जराशी लहान अशी पोलादी चकती, तिच्या दोन्ही अंगांना एकेक पॅड आणि मागे जाडजूड स्प्रिंगा. हा ब्रेक उलट्या डोक्याचा. वीज असेपर्यंत उघडा राहतो, वीज गेली की स्प्रिंगा दोन्हीकडून चकती आवळतात. चकती मात्र कोरडी पाहिजे.

लटारू या ब्रेकचा फिटर. पॅड बदलायचे तर आधी बेल्ट रिकामा करून घ्यायचा, मग मेन स्विचला स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली करदोड्याला बांधायची. साहेबानं मागितली तरी द्यायची नाही. स्प्रिंगांचा ताण सोडल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. एक पॅड झिजला तरी बदलायचे दोन्ही. आणि चकतीला उघडा हात लावायचा नाही, कारण घामातही तेल असतं. या शेवटच्या गोष्टीवरून त्याचा मेहुणा सुनिल त्याला फार छळायचा. "माह्या साळ्याची दुसरी बायको हाय ते चकती," तो सगळ्यांसमोर म्हणायचा, "कोणाले हात नाई लावू देत!" लटारू पान्यानं त्याच्या पाठीत मारल्यासारखं करायचा आणि दोघं हसायचे.

सुनिल म्हणजे दिव्यानीचा नवरा. दिव्यानी लटारूची धाकटी बहीण. बाप गेला तेव्हा ती परकरात होती. तिला शिकवलं लटारूनं, तिचं लग्न केलं लटारूनं आणि सुनिलला याच बेल्टच्या खालच्या टोकाला कामाला लावलं तेही लटारूनंच. दोन घरांत जेमतेम एका बोळीचं अंतर होतं. कमळा, म्हणजे लटारूची बायको, भाजी दोन घरांपुरती करायची.

त्या वर्षी नवे पॅड आले ते नेमके खंडेनवमीच्या तोंडावर. लटारूनं ते बसवले, फटी मोजल्या, बोल्ट ठरल्या ताणाला आवळले. चकती दोन्ही बाजूंनी स्प्रे मारून स्वच्छ पुसली. नवे पॅड लगेच भरल्या बेल्टवर चालवायचे नसतात. रिकामा बेल्ट चालवून, थोडा थोडा ब्रेक लावून त्यांना चकतीवर बसवावं लागतं. ते काम राहिलं. चकतीवरचं पत्र्याचं झाकणही राहिलं, कारण तेवढ्यात पूजेचं बोलावणं आलं. खंडेनवमीला हत्यारं पूजेला बसतात आणि दसऱ्यापर्यंत कोणी उचलत नाही. सगळ्यांचे पाने, हातोडे, मापाच्या गेजा पाटावर मांडले गेले. लटारूनं आपला पाना ठेवला, त्याला हळद-कुंकू वाहिलं आणि उघड्या चकतीभोवती दोरी बांधून तो घरी गेला. आता शहाणे लोक विचारतात की पाना उचलून चार बोल्ट लावायला काय झालं होतं? पूजेला बसलेलं हत्यार उचलणं म्हणजे काय, ते त्यांना सांगून कळायचं नाही. खाणीत त्या दिवशी एकानंही उचललं नसतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लटारू आला. हत्यारांना नमस्कार करून काम सुरू केलं. चकती त्यानं पाहिली, पण आपण उभं राहतो त्या बाजूनं. ती लखलखीत होती. पलीकडची बाजू, उगवतीकडची, तिथं मोटर आणि भिंत यांच्यात अंग चोरून शिरावं लागतं. शिरला नाही. आपणच पुसली होती ना! रिकामा बेल्ट चालवला. थोडा धूर आला, वास आला. नव्या पॅडचा येतोच. बेल्ट नीट थांबला. झाकण लावून लटारूनं बेल्ट ताब्यात दिला.

त्याच दिवशी भर दुपारी वीज गेली आणि बेल्ट भरलेला होता. ब्रेक लागला, पण एकाच बाजूनं. दुसरी बाजू घसरत राहिली. वरचा दगड सगळा खाली धावला आणि हॉपरपाशी सुनिल होता.

त्याला बाहेर काढताना लटारू तिथंच होता. दगड त्यानंही उचलले. पुढचं त्याला आठवत नाही असं नाही, सगळं आठवतं. फक्त ते दुसऱ्याच कोणाचं वाटतं. कमळा ताट वाढायची, तो जेवायचा. चहा चटका बसेल इतका गरम असला तरी पिऊन टाकायचा. रडला नाही. लोक म्हणाले, लटारूचं काळीज दगडाचं. त्याला त्याचा रागही आला नाही.

साहेबांच्या समोर त्यानं ब्रेक उघडला. अलीकडचा पॅड ठीक. पलीकडचा काळा आणि काचेसारखा चकचकीत, वास जळक्या तेलाचा. नवा पॅड तेल पितो आणि एकदा प्यायला की कामातून जातो. पण तेल आलं कुठून? लटारूला खरंच सांगता आलं नाही. चौकशी पुढच्या आठवड्यावर गेली.

कळलं ते तेरवीच्या घरात. बाया दिव्यानीभोवती बसल्या होत्या. लटारू ओसरीवर भांडी उचलत होता. आत दिव्यानी कोणाला तरी सांगत होती, रडून रडून बसलेल्या आवाजात.

"मी त पूजेच्या दिवशी गेली होती ना वं बाई. दादाची ते चकती उघडीच होती. मले वाटलं, पूजेसाठीच उघडून ठेवली. दोरीखालून गेली, पलीकडं उगवतीच्या अंगानं शिरली, सेंदूर तेलात कालवला अन चकतीवर पाच बोटं ओढली. म्हटलं, माह्या माणसाले सांभाळ. मंग देवानं काऊन नाई ऐकलं?"

बाया हुंदके द्यायला लागल्या. त्यांच्यातल्या एकीलाही काही कळलं नाही. लटारूला सगळं कळलं. हातातली पातेली त्यानं एकात एक ठेवली, विहिरीवर नेली आणि घासली, राखेनं, पुन्हा पुन्हा. कमळा म्हणाली, "झाली ना जी स्वच्छ, सोडा आता." तेव्हा सोडली.

आता त्याच्यापुढं एकच गोष्ट होती. चौकशीत विचारतील, तेल कुठलं? खरं सांगितलं तर त्याच्यावरचा ठपका निम्मा उतरणार होता. पण मग ते दिव्यानीच्या कानावर जाणार, आणि आपल्याच हातानं आपला माणूस गेला हे तिला उरलेला जन्म घेऊन बसावं लागणार. लटारूनं फार विचार केला असं म्हणता येत नाही. विचार करायला आत काही हलायला लागतं, ते हलतच नव्हतं. पण चौकशीला जाताना त्याचं ठरलेलं होतं.

"माह्या हाताले तेल होतं साहेब," तो म्हणाला. "मोटरचं ग्रीस काढलं अन हात न धुता पलीकडून चकती फिरवली."

साहेबांनी चष्मा काढला. "लटारू, तुम्ही? तुम्ही तर मला हात लावू देत नाही चकतीला."

"झालं साहेब. वय झालं."

"आणि नंतर पाहिलं नाही?"

"पलीकडची बाजू नाई पायली." एवढं खरं होतं. मग तो म्हणाला, "एक मात्र करा. खंडेनवमीले पाने पूजेले बसवाच्या आधी पाहून घ्या, एक बी झाकण उघडं राह्यलं नाई पायजे. अन सुट्टीनंतर चकती दोन्ही अंगानं पुसल्याबिगर बेल्ट सुरू नाई कराचा."

साहेबांनी कबुली लिहून घेतली. त्यांना संशय आला असावा, पण माणूस स्वतःच कबूल करतो म्हटल्यावर त्यांना तरी काय हवं होतं? लटारूला ब्रेकच्या कामावरून काढलं. साठ्याच्या खोलीत नट-बोल्ट वेगळे करायला बसवलं. ज्या हातांना ग्रीस आणि चकती कधी एकत्र माहीत नव्हती, त्या हातांबद्दल आता पोरंटोरंही टपरीवर बोलतात. कमळेनं एकदाच विचारलं, "तुम्ही खोटं काऊन बोल्ले?" तो म्हणाला, "वाढ." तिनं वाढलं आणि पुन्हा विचारलं नाही. नवऱ्याचे हात तिला माहीत होते, इतक्या वर्षांचे.

बातमी बोळी ओलांडायला वेळ लागला नाही. दिव्यानी दोन दिवस दिसली नाही. मग लटारूच तिच्याकडं गेला, तांदळाची पिशवी घेऊन. ती दारातच उभी राहिली. तिनं त्याला आत ये म्हटलं नाही.

"खरं हाय का?" तिनं विचारलं. "तुह्या हाताचं तेल होतं?"

"हो."

"माह्या डोळ्याकडं पाहून सांग."

त्यानं पाहिलं. "हो. माह्या हाताचं."

दिव्यानीचा आवाज चढला. "मी परक्याची पोरगी नाई रे दादा, मी तुही बहीण. मी त्याच चकतीले देव समजून सेंदूर लावून आली, पदर पसरून आली, अन तू त्याच चकतीले घाणेरडा हात लावून ठेवला? माह्या पूजेवर पाणी फिरवलं तू! आता माह्या उंबऱ्यावर येऊ नको. मेला त्यो तुह्या हातानं मेला."

"हो," लटारू म्हणाला.

तिनं तांदळाची पिशवी पायानं बाहेर लोटली आणि दार लावून घेतलं. आतून तिच्या रडण्याचा आवाज आला, मोठा, मोकळा, सगळा राग भावावर काढून रडणाऱ्या बाईचा. लटारू तिथंच उभा राहून तो ऐकत राहिला. तिनं विश्वास ठेवला होता. ती आता स्वतःच्या बोटांकडं कधीच बघणार नव्हती. सुनिल गेल्यापासून लटारूला आज पहिल्यांदा काही वाटलं, आणि त्याला बरं वाटलं.