कुसुमाखालचा माझा फोटो

पानगळ म्हटलं की शहरातल्या लोकांना कॅलेंडरवरची परदेशी झाडं आठवतात. ऑक्टोबर महिना, लाल-पिवळी पानं आणि खाली कोट घातलेली एखादी बाई. आमच्या गोंदिया जिल्ह्यात ऑक्टोबरला धान उभा असतो आणि मान वर करून झाडाकडे बघायला कुणाला फुरसत नसते. आमची पानगळ होळीच्या मागेपुढे. साग तोवर उघडा पडलेला असतो, मोह पिवळा होऊन झडत असतो, आणि त्या सगळ्या खराट्यांमध्ये कुसुम एकटा लालबुंद होतो. त्याची लाली गळायची नाही, फुटायची आहे. त्याची कोवळी पानंच तांबडी येतात. आठ-दहा दिवस टिकतात, मग हिरवी होतात. हे सगळं मला माझ्या नवऱ्यानं सांगितलं. तेही मला बघायला आले तेव्हा.

ते १९९९ साल. कामठ्याला आमच्या ओसरीवर पाहुणे बसले होते. आधीच्या स्थळांनी स्वयंपाक विचारला होता, शिवण विचारलं होतं, एकानं तर धानाची रोवणी येते का तेही विचारलं होतं. ह्यांनी विचारलं, "कुसुम लाल झालेला पाहिलाय का कधी?" मी नाही म्हटलं. कामठ्याच्या चहूकडे धानाच्या बांध्या आणि बांध्यांवर बाभळी, कुसुम कुठून पाहणार? तर हे हळूच म्हणाले, "दाखवीन. त्याच्याखाली उभं करून तुमचा फोटो काढीन." अर्जुनी मोरगावला शाळेत विज्ञान शिकवणारा, स्वतःचा कॅमेरा बाळगणारा माणूस. मी विरघळले. त्यात लाज कसली?

तोवर माझा म्हणावा असा एकच फोटो होता. शाळेतला, तिसऱ्या रांगेतला, अर्धं तोंड पुढच्या मुलीच्या वेणीमागे. लग्नातल्या फोटोंत डोईवरचा पदर आणि खाली घातलेली मान एवढंच आलं. म्हणून मला कुसुमाखालचा तो फोटो हवा होता. सोनं नको होतं, काश्मीर नको होतं. कुणीतरी मला नीट बघून काढलेला एक फोटो हवा होता.

लग्नानंतरच्या पहिल्या मार्चात सासूबाईंनी विचारलं, "दोघं-दोघंच जंगलात जाऊन का करता? लोक का म्हणतील?" लोकांनी काही म्हणू नये म्हणून ह्यांनी लोकांनाच बरोबर घेतलं. शाळेतले सगळे सर आले, काहींच्या बायका आल्या. आणि एकदा पायंडा पडला तो पडलाच.

मग दरवर्षी महाशिवरात्र झाली की आमच्या पुढच्या खोलीत बैठका सुरू व्हायच्या. दहावीचे पेपर मार्चात, म्हणजे मधला एखादा रविवारच हाती. बोर्डाचं वेळापत्रक कुसुमाला कुणी कळवत नसे, त्यामुळे कधी आम्ही जायचो तेव्हा झाड बोडकं असायचं, कधी हिरवं होऊन गेलेलं. कोणी नवेगावबांधकडे चला म्हणे, कोणी इटियाडोह धरणाच्या पलीकडे. गोंदियाहून येणारे एक सर दरवर्षी तेच म्हणत, "अरे सर, पत्ते ही तो देखने हैं, कहीं भी देख लो." त्यावर सगळे हसत, मी आतून चहा आणत असे, आणि मग खरा विषय निघत असे. खायला काय?

खायला पानगे. दुसरं काही कुणाला चालतच नसे. पळसाच्या दोन पानांमध्ये कणकेचा गोळा थापायचा, गोवऱ्यांच्या आरावर भाजायचा, आणि वांग्याच्या रस्स्यात कुस्करून गरमगरम खायचा. कोण भाजणार, हे बैठकीत कधी निघालंच नाही. "पानगे म्हणजे आमच्या घरचे," असं ह्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलेलं. कौतुक करून बैल जुंपायची ही जुनी रीत आहे. शिवाय मार्चात पळसाला नुसती फुलं असतात, पान नसतं. म्हणून पानं मी पौषातच खुडून, वाळवून, वजनाखाली दाबून ठेवायची. म्हणजे पानांची तयारी आमच्या घरी दोघांचीही चालायची.

जीप नाल्यापाशी थांबायची. कुसुम तिथून बराच आत, टेकाडाच्या मागे. पुरुषमंडळी गळ्यात कॅमेरे अडकवून निघायची. बाकीच्या बायका वांगी चिरून झाली की पोरांना घेऊन झाडं बघायला जायच्या. मी आरापाशी. पानगे सोडून जाता येत नाही, एका अंगानं लगेच करपतात. दुपारी हे परत येत, अंगाला घाम, चेहरा फुललेला, आणि म्हणत, "रोल संपला वं. पुढच्या वर्षी तुझा नक्की."

पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत अल्बम भरले. कुसुमाखाली हेडमास्तर. कुसुमाखाली गॉगल लावलेले पीटीचे सर. कुसुमाखाली कुणाचातरी नागपूरचा मेहुणा, ज्याला झाडाचं नावही माहीत नव्हतं. एका फोटोत दूरवरच्या सागांवर पांढुरका पट्टा आला होता. तो हे सगळ्यांना दाखवून हळहळायचे, "हा धूर मधे आला, नाहीतर फोटो एक नंबर होता." धूर माझ्या आराचा.

एका दिवाळीला माहेरी गेले तेव्हा आईपाशी रडले. आई तांदूळ निवडत होती. तिनं वरही पाहिलं नाही. "काऊन वो, मारते का? दारू पिते का? नाही ना? मंग फोटोसाठी रडून राहिलीस? कुठंही जा, पळसाले पानं तीनच."

"पळसाचं मला सांगू नको," मी म्हटलं. "पानं मीच खुडतो दरसाली." आईला हसू आलं, आणि मला तिचाही राग आला.

एका वर्षी बैठका फारच रंगल्या, कारण हेडमास्तर सहकुटुंब येणार होते. पोचलो तर सगळं रान काळं. मोहफुलं पडायच्या दिवसांत झाडाखालचा पालापाचोळा जाळून टाकतात. जमीन साफ झाली की पडलेलं फूल दिसतं आणि वेचता येतं. ह्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. वर्गात शिकवायचे. पण बेत आखताना ते कुणाच्याच डोक्यात आलं नाही. आग सरकत कुसुमापर्यंत गेली होती आणि खालच्या फांद्यांची कोवळी पानं भाजून चहाच्या चोथ्यासारखी झाली आहेत, असं बघून आलेल्यांनी सांगितलं. नाल्याकाठच्या मोहाखाली एक बाई टोपली घेऊन वेचत होती. हे तिच्यावर ओरडले, "अवो बाई, पत्ते कायले जाळले?"

"मोहा वेचाले," ती म्हणाली. "पत्ते पाहून पोट भरते का?"

मला मोठ्यानं हसू फुटलं. हेडमास्तरांच्या देखत. परतताना हे माझ्याशेजारची जागा सोडून जीपमध्ये पुढे जाऊन बसले. पानगे मात्र त्या राखेतही झाले, आणि सगळ्यांनी मागून मागून खाल्ले.

मग डिजिटल कॅमेरा आला. रोल संपायची सोय उरली नाही. सासूबाई गेल्या होत्या, लोक काय म्हणतील ते म्हणायलाही घरात कुणी नव्हतं. त्या वर्षी पौषात मी पळसाची पानं खुडलीच नाहीत. महाशिवरात्रीला हे बैठकीचं बोलायला लागले तेव्हा मी म्हटलं, "अजी, यंदा पार्टी नाही. पानगे नाहीत. तुम्ही आणि मी."

"सर लोकांना का सांगू?"

"बायकोला फोटो काढायला नेऊन राहिलो म्हणून सांगा."

हे गडबडले. पण खरं ते लिहिते: एकदा कबूल केल्यावर त्यांनी तो बेत जीव लावून आखला. आधीच्या रविवारी एकटे जाऊन झाड बघून आले. मोहाखाली जाळलंय का, तेही बघून आले. ऊन कोणत्या बाजूनं येतं, किती वाजता निघायचं, सगळं ठरवलं. आदल्या संध्याकाळी कपाटापाशी आले आणि म्हणाले, "लाल नेसू नको, पानात हरवशील. पिवळं नेस." भाऊबीजेची पिवळी साडी होती, ती काढली. इतक्या वर्षांत मी काय नेसावं हे त्यांनी पहिल्यांदा सांगितलं होतं. सुखाच्या भरात मला झोप लागेना.

मोटारसायकलवर इटियाडोहच्या कालव्याकडेनं गेलो. गाडी लावली, टेकाड चढलो, आणि ते झाड समोर आलं. इतकी वर्षं अल्बममध्ये बघितलेलं झाड. फोटोत दिसतं त्याहून ते कितीतरी मोठं होतं आणि पानांतून ऊन आरपार येत होतं. मी खाली जाऊन उभी राहिले. "थोडी डावीकडे. मान वर कर. एवढी हसू नको." मी हसलेच. वारा सुटला, पदर उडाला, तो धरावासाही वाटला नाही. ह्यांनी बरेच फोटो काढले आणि एक मला कॅमेऱ्याच्या काचेवर दाखवला. काच कितीशी, काडेपेटीएवढी. पण तीत मी होते, पायापासून डोक्यापर्यंत, आणि वर सगळं लाल. मी सुंदर दिसत होते. पस्तिशीतल्या बाईनं स्वतःबद्दल असं लिहू नये म्हणतात. मी लिहिते. दगडावर बसून आम्ही घरून आणलेले पराठे खाल्ले, आणि माझा आजवरचा सगळा राग त्या दुपारी गेला.

महिन्याभरानं हे गोंदियाहून एक मोठी फ्रेम घेऊन आले. कागदात गुंडाळलेली. "डोळे मिट," म्हणाले. मी मिटले. उघडले तेव्हा भिंतीवर झाड होतं. आडव्या फ्रेमभर लाल पानं.

"मी कुठं आहे?"

"अवं, फ्रेम आडवी, फोटो उभा. झाड घ्याचं त खालचं कापावं लागलं. लॅबवाला तर म्हणे, सर, पत्ते क्या आए हैं!"

"आणि मूळचा?"

"कार्ड रिकामं केलं. हेडमास्तरांचा निरोप समारंभ होता ना."

भांडायला लागणारी जागासुद्धा त्यांनी ठेवली नाही, इतके ते खूश होते. खुर्चीवर चढून फ्रेम सरळ करत होते. त्या दिवशी हे माझ्या मनातून उतरले. मी स्वयंपाक केला, वाढलं, भांडी आवरली, आणि आजवर करतेच आहे, पण उतरले ते उतरलेच.

फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात मात्र बोटभर पिवळं राहून गेलंय. उडालेला पदर. तेवढाच लॅबवाल्याच्या हातून सुटला.

पुढे नवे हेडमास्तर घरी आले, जुनी मंडळीही होती. सगळे भिंतीपाशी उभे राहून फोटोचं कौतुक करत होते. मी चहा घेऊन आले तेव्हा नवे हेडमास्तर कोपऱ्यावर बोट ठेवून विचारत होते, "सर, ये पीला पत्ता किसका है? सगळं लाल आणि हे एकच पिवळं?"

ह्यांनी चष्मा लावला, वाकून नीट पाहिलं आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं, "मोहाचं. बाजूले मोह होता ना. वाऱ्यानं उडून आलं असेल."

"पान नाही ते," मी म्हटलं. "मी आहे."

सगळे एकदम हसले. "भाभीजी भी मजाक करती हैं," गोंदियाचे सर म्हणाले. हे सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग चहाचा घोट घेतला आणि कप माझ्यापुढे करत म्हणाले, "साखर कमी पडली वाटते."