मासोळीबाईंचं पोस्टर

तलावावर पोहायला येणारी पोरं तिला मासोळीबाई म्हणायची. भित्र्यातलं भित्रं मूलही तिच्या हाती आलं की बघता बघता पाण्याशी गट्टी करायचं. तिचा नवरा चित्रकार, जाहिरातींची चित्रं काढायचा. त्याला मात्र पोहता येत नव्हतं. "लोकांची पोरं तारते नि नवऱ्याला वाऱ्यावर सोडते," असं तो चारचौघांत म्हणायचा. "तू आधी पाण्यात उतर तरी," ती हसत म्हणायची.

मग ती विसरायला लागली. आधी चष्मा, मग चालू गॅस, मग स्वतःची गल्ली. डॉक्टरांनी काय ते सांगितलं आणि तिचं तलावावर जाणं सुटलं.

अशातच तलावाच्या व्यवस्थापकाने चित्रकाराला बोलावलं. मुलांच्या पोहण्याच्या वर्गांची जाहिरात करायची होती: पोस्टर, पत्रकं, बसच्या पाठीवरचं मोठं चित्र. त्याने जेवणाच्या टेबलावरच काम मांडलं. ती समोर बसून रंगांच्या ट्यूबांची झाकणं काढायची, पुन्हा लावायची. त्याने तिलाच काढलं. कमरेइतक्या पाण्यात उभी, डोक्याला पांढरी टोपी, आणि उताण्या तरंगणाऱ्या मुलीच्या मानेखाली तिचा तळवा.

"चित्र झकास," व्यवस्थापक म्हणाला. "पण बाई काढून टाका. मूल एकटं पोहताना दाखवू."

"पहिल्याच दिवशी एकटं कोण पोहतं? आईबापांना तो हातच बघायचा असतो."

व्यवस्थापकाने कुरकुरत का होईना, मान डोलावली.

छापून आलेलं पोस्टर त्याने घरी तिच्यापुढे धरलं. ती बराच वेळ बघत राहिली.

"मुलीने मान सैल सोडलीये," ती म्हणाली. "या बाईंना शिकवता येतं हं. तुमच्या ओळखीच्या आहेत का?"

लग्नाआधीपासून ती त्याला अरेतुरे करायची. ते 'तुमच्या' ऐकून त्याने पोस्टर हळूच टेबलावर ठेवलं.

"हो," तो कसाबसा म्हणाला. "चांगल्या ओळखीच्या."

जाहिरात लागू पडली, वर्ग भरून गेले. पाणी पाहून तिला काहीतरी आठवेल या वेड्या आशेने एका सकाळी तो तिला तलावावर घेऊन गेला. मुलांचा एकच कालवा चालला होता. पायऱ्यांपाशी येताच तिने कठडा घट्ट धरला. बोटं पांढरी पडली.

"काका, मला घरी न्या ना. मी बुडेन."

त्याने एकेक बोट हळूच सोडवलं. "चल, जाऊ," म्हणाला. बाहेर येईपर्यंत ती त्याच्या दंडाला धरून चालत होती, परक्या माणसाला धरावं तशी, अवघडून.

पुढच्या हंगामात व्यवस्थापकाने पुन्हा चित्रं मागितली. त्याने नाही म्हणून सांगितलं. तिला आता घास भरवावा लागत होता, आणि ती त्याला काकाही म्हणेनाशी झाली होती.