तिसऱ्या यंत्रावरच्या वच्छलाबाई

नाव विचारलं की वच्छलाबाई नुसतं नाव सांगत नसत. ‘वच्छला, तिसऱ्या यंत्रावरची,’ असं म्हणत. माझ्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हाही तसंच म्हणाल्या. हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, त्या यंत्रात कापूस सारायच्या. त्याच यंत्रात त्यांच्या डाव्या हाताची चार बोटं गेली होती, आणि त्यालाही तेव्हा चार महिने होऊन गेले होते.

आणीबाणी उठून वर्ष होत आलं होतं. मी वर्ध्यात नवा वकील. त्यांचा भरपाईचा अर्ज मी केला. कारखान्यानं उत्तर दिलं, ही बाई आमच्याकडे कामालाच नव्हती. हजेरीच्या वहीतून तिचं नाव गायब होतं.

‘पैसे भेटो नाईतर न भेटो,’ त्या म्हणाल्या, ‘पण मी तिथं होती, एवढं कोर्टातल्या साहेबानं लिवलं पायजे. सात वर्स का मी हवेत उभी होती?’

प्रत्येक तारखेला त्या एकट्या एस.टी.नं येत. बाकाच्या टोकाला, हात पदराखाली घेऊन बसत. नवरा मागेच वारला होता, मूलबाळ नव्हतं. जिनिंगमधल्या बायका रस्त्यात दिसल्या तर बाजूला वळत. मुकादमानं तशी ताकीदच दिली होती. तारीख पुढे पडली तरी त्या लगेच उठत नसत. मी विचारलं, ‘बाई, घरी नाही जायचं?’

‘जाईन ना. इथं कोनी नाव तरी पुकारते.’

साक्षीला कारखान्यानं आणली ती कौसाबाई. वच्छलाबाईंच्या शेजारच्या यंत्रावरची आणि घरानंही शेजारीण. अपघात झाला तेव्हा हिनंच अंगावरच्या लुगड्याचा पदर फाडून त्यांचा हात बांधला होता. ती हिरव्या काठाची चिंधी वच्छलाबाईंनी धुऊन जपून ठेवली होती. आदल्या तारखेला माझ्या हवाली केली होती. कौसाबाई साक्षीला आली तीही तेच लुगडं नेसून. फाटल्या जागी दुसऱ्या कापडाचं ठिगळ होतं.

‘वच्छला जिनिंगात मले भेटाले आल्ती,’ कौसाबाई जमिनीकडे बघत म्हणाली. ‘कामावर नव्हती.’

मी फाइलमधल्या चिंधीकडे हात नेला. मागून वच्छलाबाईंनी माझ्या कोटाची बाही धरली.

‘थे काढू नका.’

‘बाई, ही खोटं बोलते आहे.’

‘मले समजते. तिच्या नवऱ्याचा दमा तुमाले माहीत नाई. खरं बोलली तं उद्या तिलेबी काढतीन.’

‘मग दावा जाईल.’

‘जाऊ द्या.’

मला त्यांचा राग आला. मला काहीच विचारायचं नाही, असं कोर्टाला सांगितलं आणि खाली बसलो. कौसाबाई आमच्या बाकासमोरून गेली. वच्छलाबाई तिच्याकडे बघत होत्या. तिनं मान वर केली नाही.

मग उरला सरकारी दवाखाना. तिथला जुना कागद मिळवायला मला तीन तारखा लागल्या. त्यात डॉक्टरांनी त्याच दिवशी लिहून ठेवलं होतं, जिनिंगमध्ये काम करताना हात यंत्रात सापडला. खाली पेशंटला घेऊन येणाऱ्याची सही होती. सही मुकादमाची. त्यानंतर कारखान्याच्या वकिलांना बोलण्यासारखं काही राहिलं नाही.

निकालाची नक्कल घेऊन मी स्वतः हिंगणघाटला गेलो. वच्छलाबाईंची एक खोली. मधली भिंत कुडाची, पलीकडे कौसाबाई. तिकडून वरवंट्याचा आवाज येत होता.

‘वाचा,’ त्या म्हणाल्या. मी वाचू लागलो. ‘जरा मोठ्यानं.’

मी मोठ्यानं वाचलं, ‘अर्जदार अपघाताच्या वेळी कारखान्यात कामावर होती, हे सिद्ध झाले आहे.’

वरवंटा थांबला.

वच्छलाबाई भिंतीजवळ सरकल्या. ‘कौसे,’ त्या म्हणाल्या, ‘झालं वं. तुह्यामुळं काईच अडलं नाई. आता तं बोल.’

पलीकडे कोणीतरी अगदी जवळ उभं आहे असं वाटत होतं. थोड्या वेळानं पलीकडच्या दाराची कडी आतून लागली.

वच्छलाबाईंनी कागदाची घडी केली, एका हातानं, सावकाश.

‘यीन कौसा कधी तं,’ त्या म्हणाल्या, आणि माझ्यासाठी चहा ठेवायला उठल्या.

पुढं दोन-तीनदा त्या वर्ध्याला येऊन मला भेटून गेल्या. कौसाबाई बोलली का, असं मी दर वेळी विचारायचो. शेवटच्या खेपेला मी विचारायच्या आधीच त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली. मग मीही विचारणं सोडलं.